घरातली एकमेव चातुर्मासी

जुलै महिन्यात आमच्या कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याने मला माझीच रद्दी विकली. जूनमध्ये त्याने ती 12 रुपये किलोने नेली होती. आता भाव 25 होता.

‘अहो, हा गठ्ठा माझाच आहे,’ मी म्हणालो.

‘कशावरून?’

मी त्याला शब्दकोडं दाखवलं. निळ्या शाईतलं माझं अक्षर, निम्मी घरं रिकामी. त्याने कोडं नीट निरखलं आणि म्हणाला, ‘अर्धंच सोडवलंय म्हणजे अर्धंच तुमचं. बाकीच्याचे पैसे द्या.’

हल्ली बातम्या सगळे मोबाइलवर वाचतात. त्यामुळे रद्दी दुर्मीळ झाली आहे आणि तिला खात्रीचं गिऱ्हाईक दोनच जातींचं उरलं आहे. एक भेळवाला आणि दुसरा ज्याच्या घरी नुकतंच कुत्र्याचं पिल्लू आलंय तो. भेळवाला घासाघीस करू शकतो. पिल्लूवाल्याला ती चैन परवडत नाही, कारण तो रद्दीच्या दुकानात उभा असताना घरी फरशीवर काय चाललं असेल, हे त्याला माहीत असतं. वाईट म्हणजे रद्दीवाल्यालाही माहीत असतं.

आमच्याकडे पिल्लू रीतसर आलंच नाही. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत मीटर-रूमच्या मागे एका भटक्या कुत्रीने चार पिल्लं घातली होती. पाऊस लागला, मागच्या बाजूला पाणी भरलं, आणि ‘कोणीतरी काहीतरी करायला हवं’ हा ठराव व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकमताने मंजूर झाला. सोसायटीत ‘कोणीतरी’ याचा अर्थ ज्याचा मुलगा त्या वेळी खाली रिकामा हिंडत असेल तो. आमच्या चिरंजिवांनी तीन पिल्लांना शेजारच्या सोसायट्यांत घरं मिळवून दिली आणि चौथं शर्टाच्या आत घालून ते वर आले.

‘हिचं सगळं मी करीन,’ त्याने दारातच जाहीर केलं. ‘रोज सकाळी सहाला उठून करीन.’

चिरंजीव अकरावीत आहेत. सकाळचे सहा त्यांनी शेवटचे पाहिले ते जन्माच्या दिवशी.

आईचं मत ठाम होतं. ‘कुत्रं दारात शोभतं. घरात माणसं राहतात.’ पिल्लू सोमवारी आलं होतं. आईचं मत गुरुवारपर्यंत टिकलं. गुरुवारी तिने दत्ताच्या तसबिरीपुढे निरांजन लावलं, आणि पिल्लू येऊन तसबिरीसमोर शेपूट पायांत घेऊन बसलं. दत्तासमोर पेढा होता, हे मी दाखवून दिलं, पण तोवर उशीर झाला होता. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, ते चार वेद; पाचवं आपणहून येऊन बसलेलं परतवायचं कसं? त्या दिवसापासून गुरुवारी पिल्लाला कोणी ओरडायचं नाही, असं ठरलं. मग आठवण झाली की आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि त्याच्याही सोबत कुत्रं असतंच. सबब रविवारही माफ. पिल्लांना वार कळत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडे बुधवारी यावं आणि मुक्काम करून गुरुवारचा दिवस बघावा.

नाव ठेवताना मात्र आमच्या दोन्हीकडच्या गोतावळ्याने घात केला. कुत्रीला शोभेल असं कोणतंही नाव काढलं की ते घरातल्या कुणातरी बाईचं लाडाचं नाव निघायचं. राणी म्हणावं तर आत्या. सोनी म्हणावं तर मामेबहीण. बेबी ही आईच्या भिशीतली, पंच्याहत्तरी उलटलेली. ‘चिंगी’ मला फार आवडलं होतं.

‘चिंगी माझी बहीण आहे,’ बायको म्हणाली.

‘तिचं नाव तर वसुधा आहे.’

‘बँकेत. घरी चिंगीच आहे. आणि ती पुढच्या आठवड्यात राहायला येतेय.’

चिरंजिवांनी ‘कोको’ सुचवलं. आमच्या एका विंगमध्येच दोन कोको आहेत. खिडकीतून हाक मारली की एक लॅब्रॅडॉर येतो आणि एक तिसरीतली मुलगी. शेवटी पिल्लू चहाच्या वेळी टेबलाखाली घुसलं, खारीचा अख्खा पुडा फोडून त्याच्यावर लोळलं आणि अंगावर पापुद्रे मिरवत बाहेर आलं. रंग तोच, कुरकुरीतपणा तोच, आणि जिथे बसेल तिथे चुरा. दोन्हीकडच्या नातेवाइकांत चौकशी केली. खारी कोणी नव्हतं.

आता पुन्हा रद्दीकडे. पिल्लाच्या सोयीचा एक ढोबळ हिशेब सांगतात: जितके महिने वय, साधारण तितके तास ते कळ सोसतं. खारी दोन महिन्यांची होती, म्हणजे दोन तास. शिवाय झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर ताबडतोब. पिल्लं दिवसातले 18 ते 20 तास झोपतात असं वाचून मी निर्धास्त झालो होतो. उरलेले तास ती कोणते निवडतात, ते तिथे लिहिलेलं नव्हतं. खारीने रात्री एक ते पाच हे निवडले.

लशींचे डोस पुरे होईपर्यंत तिला खाली जमिनीवर न्यायला डॉक्टरांची बंदी होती, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. तेव्हा प्रयोग गॅलरीत. पसरलेली वर्तमानपत्रं, आडवा पाऊस, हातात बॅटरी, आणि लुंगी सावरत उकिडवा बसलेला मी. लहानपणी आपल्याला ज्या मंत्राने मोकळं करत तो मला आठवला, आणि मी हलक्या आवाजात ‘शूऽऽ, शूऽऽ’ म्हणू लागलो. खारी लक्ष देऊन ऐकायची. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. मग आत जाऊन पायपुसण्यावर करायची.

दोन दिवसांनी समोरच्या बिल्डिंगमधल्या गृहस्थांनी मला दुधाच्या केंद्रावर बाजूला घेतलं.

‘रात्री फार वेळा उठावं लागतं का?’ त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

‘काय सांगू, झोप नाही.’

‘गॅलरीत ऐकतो मी तुमचं. आणि होतही नाही ना लवकर? लाजू नका. माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं त्या डॉक्टरांचा नंबर देतो.’

मी नंबर घेतला. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. शिवाय या वयात नंबर असलेला बरा.

एका पहाटे मात्र गंगेत घोडं न्हालं. खारीने अख्ख्या गॅलरीतून नेमकं माझं शब्दकोडं निवडलं. बॅटरीच्या उजेडात शाई पसरत असताना मला आडव्या 11 चं उत्तर सुचलं. ‘धीर धरण्याची वृत्ती, तीन अक्षरं.’ सबुरी. लिहून ठेवायला घर कोरडं उरलं नव्हतं.

यश डोक्यात जातं. कागदावर जमलं म्हटल्यावर खारीने आणखी एक मोक्याची जागा हेरली: तुळशीची कुंडी. तो शनिवार होता, म्हणजे माफी नव्हती. आईने काहीही न बोलता तुळस उचलून वॉशिंग मशीनवर नेऊन ठेवली. तेव्हापासून आमच्या घरी मशीन चालू असलं की तुळस थरथरते आणि आई म्हणते, ‘बघ, तिलासुद्धा सहन होत नाही.’

जनावरांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर माणसाला स्वतःचं नाव उरत नाही. तिथे मी ‘खारीचे बाबा’ आहे. माझ्या शेजारी ‘ऑस्करचे बाबा’ बसतात, त्यांच्याकडे हस्की आहे. मूळ सैबेरियातला, बर्फात घसरगाड्या ओढणारा कुत्रा. तो ठाण्याच्या ऑगस्टमध्ये जीभ काढून बसलेला असतो. त्याच्यासाठी घरात चोवीस तास एसी चालतो. ‘आम्ही तिघं हॉलमध्ये पंख्याखाली झोपतो,’ बाबा सांगत होते. ‘बेडरूम त्याला दिलीय. बिलच इतकं येतं की दुसरा एसी परवडत नाही.’

त्यांनी विचारलं, ‘तुमची ब्रीड कोणती?’

बायको म्हणाली, ‘इंडी.’ त्याच क्षणी आई म्हणाली, ‘गावठी.’ ऑस्करच्या बाबांनी दोघींकडे पाहिलं आणि ही दोन जातींची मिश्र पैदास असावी असं समजून कौतुकाने मान डोलावली.

आत डॉक्टरांनी एक यादी दिली. कांदा नाही. लसूण नाही. चॉकलेट अजिबात नाही. द्राक्षं नाहीत, बेदाणे नाहीत. गाईचं दूध शक्यतो नको, पिल्लांना पचत नाही, पोट बिघडतं.

‘मग ती खाणार काय?’ आईने विचारलं. ‘आमच्या गावची कुत्री उरलेलं कालवण खाऊन म्हातारी झाली.’

‘किती म्हातारी?’ डॉक्टरांनी विचारलं. आईने उत्तर द्यायचं टाळलं.

कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून ती बंदी. पण आता आमच्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण नसलेलं काय असतं ते पाहा: मीठ, साखर आणि फिनेल. आषाढी एकादशी होऊन चातुर्मास लागला होता. दरवर्षी आई चार महिने कांदा, लसूण, वांगं सोडण्याचा संकल्प सोडते आणि नागपंचमीच्या आसपास तो गुडघेदुखीच्या कारणाने स्थगित होतो. (गुडघ्याचा आणि कांद्याचा संबंध काय, हे विचारण्याची कोणाची छाती नाही.) यंदा मात्र घरात एक जीव बिनकांद्याचा, बिनलसणाचा, साधा दहीभात आणि मिठाशिवाय उकडलेली कोंबडी खाऊन चातुर्मास पाळत होता. कोंबडीचा भाग सोडला तर आईला तिचा अभिमान वाटू लागला. भिशीत तिने सांगितलंही, ‘आमच्यात खारीच एक पाळते.’ घरी नवी सून आलीय, असा तिथे समज झाला.

श्रावणात सत्यनारायण झाला. त्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी प्रसादाला येणार होते, आणि मी त्यांची वाटच पाहत होतो. लिफ्टमध्ये कुत्रं न्यायचं नाही, असं त्यांनी खारीच्या पहिल्या लशीच्या दिवशी सुनावलं होतं. मी शोधाशोध करून भारतीय प्राणी कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं छापून ठेवली होती. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर किंवा त्यांच्या लिफ्ट वापरण्यावर बंदी घालता येत नाही, असं त्यात आहे. प्रसाद हातात पडला की माणूस थोडा नरम असतो, तेव्हा कागद पुढे करायचा, असा बेत.

सेक्रेटरी आले, नमस्कार केला, शिऱ्याचा द्रोण घेतला. मी कागद पुढे केले. त्यांनी चष्मा लावला.

‘पहिलं पान आहे. दुसरं आहे. मग एकदम चौथं?’

‘लिफ्टचं तिसऱ्यात आहे.’

‘तिसरं कुठाय?’

सोफ्याखालून मचमच असा आवाज येत होता. बायकोने वाकून पाहिलं आणि किंचाळली. कागदासाठी नव्हे. सोफ्याखाली प्रसादाचा एक द्रोण होता, चाटून लख्ख केलेला. शिऱ्यात बेदाणे होते.

मी डॉक्टरांना फोन लावला.

‘वजन?’

‘सात किलो.’

‘बेदाणे किती खाल्ले?’

‘सांगता येत नाही.’

‘किती बाधतील ते कुत्र्यागणिक बदलतं. कुणाला थोडेसेही पुरतात, मूत्रपिंडं जातात. आकडा कळतोय का बघा, नाहीतर सरळ घेऊन या.’

‘आकडा मला माहीत आहे,’ आई शांतपणे म्हणाली. ‘पंधरा घातले होते.’

हॉलमध्ये शांतता पसरली. समोर पंचवीस माणसं द्रोण घेऊन बसली होती. सव्वा किलो रवा, सव्वा किलो तूप, सव्वा किलो साखर, आणि पंधरा बेदाणे.

‘पंधरा?’ बायकोने विचारलं.

‘भाव बघितलायस का? आणि देवाला भाव लागतो. बेदाणे शोभेला.’

आता हिशेब सोपा होता. लोकांच्या वाट्याला आलेले बेदाणे पंधरातून वजा केले की खारीचे उरणार. चिरंजिवांनी वही काढली आणि आलेल्या एकेका पाहुण्याला विचारू लागले, ‘काका, तुम्हाला किती आले?’ जे प्रसाद घेऊन घरी गेले होते त्यांच्यासाठी ग्रुपवर संदेश टाकला: ‘कृपया आपल्या शिऱ्यात किती बेदाणे आले ते ताबडतोब कळवावे.’

माणसाच्या पानात काय पडलं हे विचारू नये, हे तेव्हा मला कळलं. ‘एकही नाही. असायला हवा होता का?’ ‘मागच्या वर्षीही नव्हता.’ ‘आम्ही कधी मोजलं नाही, पण आता विचारताय म्हणून सांगतो, तुमच्या आधी पाटलांकडे गेलो होतो, तिथे काजूसुद्धा होते.’ एकाने फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं; त्याचा बेदाणा आला की नाही यावर वाद झाला आणि शून्य धरायचं ठरलं. सेक्रेटरींनी आपला द्रोण चमच्याने तपासून ‘एक’ असं जाहीर केलं आणि जिंकल्यासारखं सगळ्यांकडे पाहिलं. बेरीज बारा झाली. तीन बेदाणे बेपत्ता.

रिक्षाने निघालो. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली. चिमट्याने ते एकेक वस्तू ट्रेमध्ये मांडू लागले, आणि मी नको तितक्या जवळून पाहत होतो. शिरा. एक रबर बँड. देवघरातली वात. माझ्या बायकोने आठवडाभर शोधलेलं ब्लाउजचं हूक. एका राखीवरचा चमकदार मणी. आणि चघळून मऊ झालेला एक कागद, ज्याच्यावर ‘लिफ्ट’ एवढं मात्र स्वच्छ वाचता येत होतं.

‘बेदाणा एकही नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘हा कागद हवाय का?’

मी हवा म्हणालो.

रात्री साडेदहाला समोरच्या काकूंचा फोन आला. त्या बराच वेळ पाऊसपाण्याचं बोलल्या. मग म्हणाल्या, ‘कशी आहे खारी? नाही, म्हणजे… माझ्या द्रोणात तीन होते. पण सगळ्यांना एकही नाही म्हटल्यावर कसं सांगणार हो? लोक काय म्हणतील, हिलाच कसे तीन?’

या प्रकरणानंतर बायकोने प्रशिक्षक लावला. महिन्याचे सहा हजार, आठवड्यातून दोनदा. टी-शर्टवर लांडग्याचं चित्र. त्याचं म्हणणं, कुत्रा म्हणजे मुळात लांडगा. कळपात एक म्होरक्या असतो. तुम्ही म्होरके आहात हे तिला कळलं पाहिजे.

‘घरात आधी कोण जेवतं?’ त्याने मला विचारलं.

‘देव,’ मी म्हणालो. ‘मग आई. मग चिरंजिवांचा क्लास असतो. मग…’

‘तसं नाही. तिच्यादेखत, तिच्या आधी, तुम्ही काहीतरी खायचं. म्हणजे तिला कळेल.’

तेव्हापासून रोज दोन वेळा मी खारीच्या वाटीसमोर ताठ उभा राहून, तिच्या नजरेला नजर देत, एक मारी बिस्किट खात असे. खारी शिस्तीत बसून बघायची. तिच्या मागे आई बसून बघायची. ‘एवढा शिकवला,’ ती एकदा पुटपुटली.

पुढे वाचनात आलं की डेव्हिड मीच या ज्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या 1970 च्या पुस्तकामुळे म्होरक्या लांडग्याची ही कल्पना जगभर पसरली, त्यानेच नंतर ती मागे घेतली. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं, बाकी काही नाही. मी हे प्रशिक्षकाला दाखवलं. शास्त्रज्ञाने सिद्धांत मागे घेतला, प्रशिक्षकाला फी मागे देणं जमणार नव्हतं. मारी बिस्किटं मात्र अंगी लागली. माझं वजन दोन किलोंनी वाढलं, आणि म्होरक्या दुरूनही दिसू लागला.

खरा म्होरक्या या सगळ्या काळात फ्रिजवर बसून होता. आमच्याकडे आधीपासून एक मांजर आहे. वाघाची मावशी म्हणून तिचं नावच ‘मावशी’ पडलं. (कामाला येणाऱ्या बाईंना त्यामुळे ताई म्हणावं लागतं. ‘मावशी, कट्ट्यावर पुन्हा तोंड घातलंत ना?’ या वाक्यावरून एकदा काम सुटता सुटता राहिलं.) पिल्लू आल्या दिवशी मावशी फ्रिजवर चढली ती आठवडाभर उतरली नाही. तिथूनच तिने निरीक्षण केलं. मग एका दुपारी संथपणे खाली आली, खारीच्या नाकावर एक चापट मारली, तिचा पलंग ताब्यात घेतला आणि झोपली. प्रशिक्षकाला महिनाभरात जे जमलं नाही ते चार सेकंदांत झालं, आणि तेही फुकट.

त्यानंतर दोघींत जो करार झाला त्याचा मसुदा आम्हाला पाहायला मिळालेला नाही, पण अंमलबजावणी चोख आहे. मावशीला उंची गाठता येते, पण पोळी आवडत नाही. खारीला पोळी आवडते, उंची नाही. तेव्हा मावशी ओट्यावर जाते आणि पोळ्यांचा डबा एकेक इंच कडेकडे ढकलते. प्रत्येक इंचानंतर थांबून ती तुमच्याकडे बघते. तुम्ही ‘ए!’ म्हणेपर्यंत डबा खाली असतो आणि खारी जागेवर असते. मोबदल्यात मावशीला काय मिळतं, याचा विचार मी बरेच दिवस केला. बहुधा फक्त आवाज. खारीला याशिवाय मावशीचं खाणंही आवडतं, आणि मावशीच्या वाळूच्या डब्यातला ऐवजही. हा विषय इथेच सोडतो. लोक लेख जेवताना वाचतात.

भाद्रपदात गणपती आला आणि खारीचे दात पडायला लागले. कुत्र्याला दुधाचे दात 28 असतात, पक्के 42. चौथ्या महिन्यापासून अदलाबदल सुरू होते, हिरड्या शिवशिवतात, आणि जगातली प्रत्येक वस्तू ही चावण्यासाठी निर्माण झाली आहे अशी पिल्लाची खात्री पटते. पडलेले दात बहुतेक गिळले जातात. चिरंजिवांना गालिच्यात एक सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा, टोकदार. आईने तो शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर टाकायला सांगितलं. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर शेणही नाही आणि कौलही नाही. दात सध्या वॉशिंग मशीनवर, तुळशीच्या कुंडीत आहे.

पहिल्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला मजल्यामजल्यावरची माणसं आली. दाराबाहेर चपलांचा ढीग लागला. खारीला बेडरूममध्ये बंद केलं होतं. मावशीलाही तिच्याबरोबरच ठेवलं, सोबत म्हणून. बेडरूमच्या दाराला खाली दाबायची मूठ आहे, आणि मांजर तिला लोंबकळू शकतं, ही माहिती आम्हाला पुढे मिळाली.

आरती झाली, मंत्रपुष्पांजली सुरू झाली. त्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, निम्म्यांचे भक्तीने आणि निम्म्यांचे शब्द आठवत नाहीत म्हणून. मागे कोणी पाहत नाही. प्रसाद घेऊन पहिला माणूस दाराबाहेर पडला आणि ‘अरे’ असं म्हणाला. मग एकामागून एक ‘अरे’ येऊ लागले.

खारीने घाईगर्दी केली नव्हती. प्रत्येक जोडातली एकच घेतली होती. कुणाचा अंगठा गेलेला, कुणाचा पट्टा, कुणाची टाच. स्लिपर, सँडल, बूट, मोजडी, कोणावर अन्याय नाही. गुरुजींनी आपली उरलेली वहाण उचलून पाहिली आणि म्हणाले, ‘दक्षिणेत धरा.’ काकूंची तर नवी होती. बेदाण्यांच्या वेळेपासून त्यांचा खारीवर जीव, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. चिरंजिवांनी पुन्हा वही काढली.

फक्त एक जोड शाबूत होता. ढिगाच्या मधोमध, दोन्ही पाय जागच्या जागी, नक्षी लखलखीत. सेक्रेटरींची कापशी.

त्या चपलांविषयी सोसायटीला सर्व माहिती होती. खास कोल्हापूरहून, अडीच हजारांच्या. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते जणू सेक्रेटरींच्या प्रयत्नाने मिळालं, असं ते सांगत. 2025 मध्ये इटलीच्या प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा ग्रुपवर त्यांनी सलग चार दिवस निषेध केला होता.

‘सुटलात तुम्ही,’ मी म्हणालो.

सेक्रेटरी सुटल्यासारखे दिसत नव्हते. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘माझी तीनशेची होती. तीसुद्धा चावली तिने. म्हणजे निदान चामडं होतं म्हणायचं.’

‘म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?’

‘काही नाही. कुत्र्याचं नाक, साहेब. त्याला फसवता येत नाही. रेक्झिनला ते तोंड लावत नाही.’

‘माझी फोमची होती, ती चावली तिने,’ काकू म्हणाल्या. सेक्रेटरींच्या मदतीला धावल्यासारखं त्यांना वाटलं असावं.

‘फोमचीही चावली!’ काका म्हणाले. ‘आणि ही नाही!’

सेक्रेटरी चपला घालून, कोणाकडे न बघता, जिन्याने गेले. लिफ्ट तिथेच उभी होती.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाची गडबड आटोपली. आमचा दीड दिवसाचा. रात्री साडेनऊला बेल वाजली. दारात सेक्रेटरी. पायांत बाथरूमच्या स्लिपर, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

‘जेवण झालं का?’ त्यांनी विचारलं.

‘झालं. या ना.’

‘तिचं झालं का?’

खारी वास घेत बाहेर आलीच होती. सेक्रेटरींनी कागद उलगडला, उजव्या पायाची कापशी काढली आणि जमिनीवर अलगद ठेवली. ‘काल गर्दीत तिचं लक्ष गेलं नसेल,’ ते म्हणाले. ‘ढिगाच्या मध्ये होती ना.’

खारीने चपलेला एक चक्कर मारली. वास घेतला. सेक्रेटरींचा श्वास अडकला. मावशी फ्रिजवरून बघत होती. खारीने जांभई दिली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना.

‘थोडं तूप लावून बघू का?’ आईने विचारलं.

‘नको,’ सेक्रेटरी म्हणाले. ‘भेसळ नको.’

आणि खारीने एकदम चपलेचा कान धरला. दोन हिसडे दिले, बूड पंज्यांखाली दाबलं आणि अंगठ्याची वेणी पहिल्या दणक्यात उपटून काढली. मी धावलो. सेक्रेटरींनी हात आडवा घालून मला थांबवलं.

‘असू द्या, असू द्या! बघा कशी तुटून पडलीय! काकांना बोलवा वर. लिफ्टने या म्हणावं. व्हिडिओ घे रे बाळ, चेहरा आला पाहिजे, हिचा आणि माझा दोन्ही.’

चामडं कचाकच फाटत होतं. सेक्रेटरी गुडघ्यावर बसून, चष्मा कपाळावर चढवून, कौतुकाने बघत होते. मग त्यांनी कागदाच्या घडीत हात घातला.

‘डावी पण देऊ का?’